लाल बटण नसलेला सप्लाय

नाही नाही, नवीन डबा नकोय मला, तेच तर केव्हाची सांगतेय तुम्हाला! डबा हाच ठेवायचा. आतला फक्त तो पॉवर सप्लाय — तुम्ही लोक काय म्हणता त्याला — हां, एसएमपीएस — तेवढाच बदलायचा. जुना आहे, माहीत आहे मला जुना आहे. तेरा-चौदा वर्षं झाली असतील. पत्रा पिवळा पडलाय, एक पाय तुटलाय, त्याच्याखाली मी रिळाचं बूड लावलंय, सगळं माहीत आहे. पण हाच ठेवायचा. का म्हणजे — हे बघा, इथे हात लावून बघा. हे शर्टाचं बटण दिसतंय ना चिकटवलेलं? चार भोकांचं? ते मी चिकटवलंय. त्याच्या वरचं दाबलं की सुरू होतो आणि खालचं दाबलं की एकदम बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून — दोन्ही बटणं हाताला सारखीच लागतात. डोळ्यांनी बघणाऱ्याला काही वाटत नाही त्याचं. दादाला दिसत नाही. माझा थोरला भाऊ. त्याचाच आहे हा.

म्हणून म्हटलं, डबा नको बदलायला. त्याच्या बोटांना हा पाठ झालाय. कुठे खाच आहे, कुठे पत्रा वाकलाय, इयरफोनचं भोक कुठे — सगळं. नवीन आणला तर पुन्हा आंधळा होईल तो. म्हणजे — तसं नाही म्हणायचं मला. तुम्हाला कळलं ना?

किती वॉटचा ते मला काय विचारता, तुम्हीच सांगा. करतो काय त्याच्यावर? काही खेळबिळ नाही हो. लिहितो, वाचतो. म्हणजे तो कॉम्प्युटरच वाचून दाखवतो त्याला. आवाज येतो त्यातून — एक बाप्या बोलतो, नाकातून बोलल्यासारखा — स्क्रीनवर जे असेल ते सगळं वाचतो. त्याला लागणार किती वीज! पण टिकाऊ द्या. भरवशाचा द्या. कमी पडला तर चालणार नाही आणि उगाच मोठाही नको, आणि पंख्याचा आवाज नको त्याला, कारण पंखा घरघरायला लागला की दादाला ते बोलणं नीट ऐकू येत नाही, मग आवाज वाढवतो, मग शेजारचे भिंतीवर ठोकतात.

दोन आहेत का? बघू. अगंबाई, हा किती हलका! रिकामं खोकं दिलंत की काय? आणि वर पाचशे लिहिलंय. तयार कपड्यांवरही लिहिलेलं असतं शंभर टक्के सुती, एकदा धुतलं की कळतं. मी शिवणकाम करते ना — घरीच, उंची कमी करणं, चेन बदलणं, अस्तर घालणं, असली कामं — कापड मी डोळ्यांनी नाही बघत, हातात घेऊन वजनावर बघते. हा दुसरा बघू. हां. हा लागतोय हाताला. आत काहीतरी आहे ह्याच्या. ह्याच्यावर साडेचारशेच लिहिलंय, तरी हाच बरा, नाही? तुम्ही पण तेच म्हणताय ना? बरं झालं. वायरी बसतील ना जुन्याला? जोडून देताय म्हणता तो एक छोटा तुकडा — द्या, द्या.

थांबा. मागून बघू द्या.

हा नको.

नाही, हा नको. लाल बटण आहे ह्याला मागे. लाल बटण नसलेला द्या. असतं म्हणजे काय, सगळ्यांना थोडंच असतं! मी विचारून आलेय, नवीन येतात त्यांना नसतं, ते आपलं आपण ओळखतात वीज किती येतेय ती. हात न लावला तर काही होत नाही — ते मला माहीत आहे हो! हात न लावला तर. पण नको. घरात नकोच ते. दुसरा असेल तर बघा, नाहीतर मी दुसऱ्या दुकानात जाते.

आहे ना? बघा, होता की! द्या इकडे. हा पण जड आहे. मागे काही नाही — गुळगुळीत. हां. हाच बसवा.

जुना काढताय, काढा. चार स्क्रू आहेत, एक मी गमावलाय — म्हणजे मागे एकदा पुसताना. काय झालं होतं? व्होल्टेज जास्त आलं असणार. आमच्याकडे वर-खाली होतच असतं. एकदम फाटकन आवाज झाला, धूर आला, बंद. तेवढंच. पाच आठवडे झाले त्याला. हो, पाच आठवडे — वेळच मिळाला नाही, शिवणाची कामं अंगावर पडली होती, शाळांचे गणवेश होते, त्यात तो एकटा घरी, कोणाच्या भरवशावर टाकून —

काय बघताय मागे?

पुसताना सरकलं असेल. मीच पुसते मागून, धूळ फार बसते, कापडाचे तंतू उडतात ना घरात. फडकं अडकलं असेल आणि —

बरोबर. फडक्याने नाही सरकत ते. आत खोल असतं. टोकदार काहीतरी घालावं लागतं.

धागे कापायच्या कात्रीने सरकतं.

बसते मी जरा. हे स्टूल चालेल ना? चालू द्या तुमचं, तुम्ही थांबू नका, बोलते आहे म्हणून काम थांबवू नका. नाही हो, रागावले नाही तुमच्यावर. तुम्ही कुठे काय म्हणालात! तुम्ही नुसतं बघितलंत. कोणीतरी बघायलाच हवं होतं कधीतरी. दादाला तर ते दिसणार नव्हतं.

मागच्या वेळी जो दुरुस्तीला आला होता ना घरी — गेला तो आता गाव सोडून — त्याने मला मुद्दाम दाखवलं होतं. म्हणाला, बाई, एवढं एक लक्षात ठेवा, ह्या लाल बटणाला कधी हात लावू नका, हे पलीकडे सरकवलं आणि वीज दिली की फट् म्हणून जाईल. मी म्हटलं, मग ठेवलंय कशाला असलं बटण? तो हसला. म्हणाला, दुसऱ्या देशांत वीज कमी दाबाची असते त्यांच्यासाठी. मी विसरले होते ते. चार वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. त्या दिवशी बरोबर आठवलं.

दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तीस वर्षं. त्याच्या हाताखालून चूक गेली नाही कधी. छापखान्यातली माणसं म्हणायची की ह्याला कागदाच्या वासावरून चूक कळते. मग डोळ्यांचं सुरू झालं — मधूनच काळं पडायचं, म्हणजे ओळीच्या मधलं अक्षर दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. डॉक्टर म्हणाले पडदा झिजतोय. दोन वर्षांत गेलंच सगळं. वहिनी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मी एकटीच होते — माझं लग्न झालंच नाही, ते जाऊ द्या — मी माझ्या खोलीतून शिवणयंत्र उचललं आणि त्याच्याकडे राहायला आले. अकरा वर्षं झाली. आधी दोन वर्षं तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा. मग कोणीतरी सांगितलं असं असं असतं, बोलणारा कॉम्प्युटर. मीच आणला त्याला हा. जुनाच आणला तेव्हाही. शिकला हो तो! सहा महिन्यांत शिकला. किती वेळा किबोर्ड आपटला, किती वेळा म्हणाला नाही जमणार — मग एक दिवस मी भाजी आणायला गेले होते, परत आले तर म्हणतो, टाचणे — टाचणी म्हणतो मला, लहानपणापासून, मी बारीक होते आणि टोचून बोलायचे म्हणून — टाचणे, मी पत्र लिहिलं. स्वतः. चूक काढून दाखव. मी वाचलं. एक चूक नव्हती.

तेव्हा रडलेच मी. त्या दिवशी.

मग सुरूच झालं. सकाळपासून तो बाप्या बोलायचा घरात. आणि किती भरभर! दादाने वेग वाढवत वाढवत असा केला होता की नुसती गुणगुण ऐकू यायची, एक शब्द कळायचा नाही मला. त्याला कळायचं. मी शिवत बसायचे, तो ऐकत बसायचा. दिवसभर. कधी कधी डोकं उठायचं, खोटं नाही सांगत. एका खोलीत दोन यंत्रं, एक माझं, एक त्याचं. म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं पहिले काही दिवस. आवाजाला कंटाळून केलं. माणूस कंटाळू शकतो की नाही? इतकी वर्षं? कोणीही म्हणालं असतं, हो बाई, कंटाळशीलच तू.

तसं नाहीये.

ते आत काळं झालंय का? दाखवा. बाप रे, हे फुगलेलं काय आहे? ह्याचाच आवाज झाला का? बाकीचं वाचलं असेल ना? त्याची फाईल — म्हणजे त्याचं लिहिलेलं सगळं आहे ना आत? बहुतेक वाचतं, म्हणता? देव करो.

सांगते. तो एखादं महत्त्वाचं लिहायला लागला ना, की शेवटी वेग कमी करतो. जुनी सवय — मुद्रित कसं सावकाश वाचायचं, अक्षर अक्षर सोडवून, तसं. तेव्हा तो बाप्या विरामचिन्हंसुद्धा वाचतो. स्वल्पविराम. पूर्णविराम. त्या दुपारी त्याने वेग कमी केला. मी एका पँटची उंची कमी करत होते, मान खाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या बाप्याचं बोलणं कळलं. 'महोदय स्वल्पविराम.' मला हसूच आलं आधी. म्हटलं, कोणाला महोदय म्हणतोय हा. 'आपल्या केंद्रात अंध प्रौढांना संगणक शिकवण्यासाठी शिक्षक हवा असल्याचे समजले पूर्णविराम. केंद्रातच निवासी राहण्याची माझी तयारी आहे पूर्णविराम. हे काम का हवे ते स्वतःच्या शब्दांत लिहावे असे आपण म्हटले आहे पूर्णविराम. गेली अकरा वर्षे मी बहिणीच्या आधारावर जगत आहे पूर्णविराम. आता मला बाहेर पडायचे आहे पूर्णविराम.'

काय केलं असेल मी? यंत्र सुरू केलं. शिवणाचं. मोटर लावलेली आहे, पाय दाबला नुसता. सुईत दोराही नव्हता. पुढचं ऐकायचं नव्हतं मला. ती पँट भोकं भोकं करून टाकली, कोऱ्या सुईने. दादा म्हणाला, टाचणे, काम फार दिसतंय आज? म्हटलं, हो.

मला बाहेर पडायचं आहे. कशातून? माझ्यातून? मी काय — माझा काय तुरुंग होता? त्याला आवडतं तसं करते, त्याचं ताट एकाच बाजूने वाढते, भाजी नेहमी उजवीकडे, कपडे रंगानुसार लावून देते, बाहेर जाताना माझ्या कोपराला धरतो तो. अकरा वर्षं माझं हे कोपर त्याच्यासाठीच आहे. आणि हा परक्या माणसाला लिहितो, मला बाहेर पडायचं आहे, वर पूर्णविराम.

तुम्ही म्हणाल, बोलायचं होतं त्याच्याशी. हो. बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला, भिंतीवरचं बटण बंदच होतं, मी मागे वाकले, कात्रीचं टोक घातलं. किती सोपं सरकलं ते! टिक् झालं. मला वाटलं, नुसता सुरू होणार नाही. बास. दादा दाबेल, होणार नाही, म्हणेल बिघडला वाटतं. मुदत होती त्या अर्जाला, ती आपोआप टळेल. एवढंच डोक्यात होतं. तो माणूस 'फट् म्हणून जाईल' म्हणाला होता, पण ते बोलण्यातलं वाटलं मला — आपण म्हणतो ना, फटकन गेलं, तसं. मी दादाला चहा दिला. तो कप घेऊन आला, बसला, कप टेबलावर ठेवला होता की हातातच होता, आठवत नाही, आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचं बटण दाबलं. त्याचा हात तिथे होता हो. भिंतीशी. आणि कानाशी बार उडाल्यासारखा आवाज. तो मागे खुर्चीसकट — डोकं आपटलं कपाटावर. धूर. आणि त्याला काही दिसत नाही, काय झालंय ते कळत नाही, नुसता हात हवेत फिरवतोय आणि मला हाक मारतोय. टाचणे, तू बरी आहेस ना? तुला लागलं का? मला विचारतोय. मला.

चहा सांडला होता. आवाजाने दचकून सांडला. त्याला ते कळलं नाही. चहा आधी सांडला की आवाज आधी झाला, त्याला सांगताच येईना. ओलं लागलं हाताला आणि तो म्हणाला, चहा गेला का गं आत? माझ्या हातून सांडला का?

आणि मी म्हणाले, तसंच दिसतंय.

दोनच शब्द. तसंच दिसतंय. ते बटण सरकवलं त्यापेक्षा — ते रागाने केलं, ते मी समजू शकते. पण हे मी शांतपणे म्हणाले. फडकं घेऊन पुसता पुसता.

तेव्हापासून तो टेबलाजवळ कप नेत नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून चहा पितो, दोन्ही हातांनी कप धरून, लहान मुलासारखा. आणि माफी मागतो. रोज नाही, पण मधूनच, जेवताना, काही कारण नसताना. म्हणतो, तुझ्या कष्टाचा होता तो कॉम्प्युटर. म्हणतो, आंधळ्या माणसाने जपून राहायला हवं. आंधळा हा शब्द त्याने पूर्वी कधी स्वतःला लावला नव्हता.

मग विचारायचा, दुकानात नेलास का? मी म्हणायचे, नेला होता, ते म्हणाले इतक्या जुन्या डब्याला बसणारा सप्लाय मिळत नाही, मागवावा लागेल. हो, तुमचंच नाव सांगितलं. तुमच्या दुकानाचंच. रोज येता-जाता पाटी दिसते ना. तो म्हणायचा, जमलं तर या आठवड्यात बघ. मग म्हणायचा, काही घाई नाही, पण जमलं तर. कशाची घाई ते सांगायचा नाही. आणि मी विचारायचे नाही. दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत जेवत होतो. त्याच्याकडे मोबाइल आहे तो साधा, बटणांचा, त्यावरून अर्ज जात नाही. आणि हाताने कोणाकडून लिहून घ्यायचा तर घरात लिहिणारी मीच.

परवा मुदत संपली. सोमवारी. मला कसं कळलं? तो सोमवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरच्या टेबलाशी जाऊन बसला. डबा मी काढून ठेवला होता, नुसता किबोर्ड होता टेबलावर, वायर लोंबत होती. आणि तो टाइप करत होता. खडखड खडखड, अर्धा तास. मधे थांबायचा, मागे जायचा, एक अक्षर खोडायचा, पुन्हा. सगळा अर्ज लिहिला असेल त्याने. मग किबोर्डवर ते प्लास्टिकचं झाकण घातलं, माझ्याकडे तोंड करून म्हणाला, आता सावकाश झालं तरी चालेल गं.

म्हणून आज आले मी. कळलं का तुम्हाला? तुम्ही विचारलंत ना, पाच आठवडे काय करत होतात. मुदत संपायची वाट बघत होते.

बसवून झालं? इतक्यात? लावून बघताय, बघा. मी मागे होते जरा. नाही, भीती नाही, पण — लावा.

लागला! पंखा फिरतोय का? आवाजच नाही ह्याचा. वा. चांगला निघाला हो. दिवा लागला, हिरवा. जीव भांड्यात पडला माझा. बास, झालं मग, बंद करा, बांधून द्या. स्पीकर कशाला लावताय? आवाज नका लावू. आवाज ठीकच असणार, त्याला काय झालंय — हो, घरी जाऊन बोलला नाही तर पुन्हा यावं लागेल, ते खरं, पण — अहो, सुरू झाला की शेवटची लिहिलेली फाईल आपली आपण उघडते. दादानेच तसं लावून घेतलंय, हुडकायला लागू नये म्हणून. म्हणून म्हणत होते.

बोलला. तोच आवाज. वेग अजून तसाच आहे, सावकाश. त्याने कमी केलेला.

राहू द्या. नका बंद करू. एवढं ऐकलंय मी, आधारावर जगत आहे, बाहेर पडायचे आहे, इथपर्यंत ऐकलंय. ह्याच्या पुढे मी यंत्र सुरू केलं होतं. जरा गप्प बसू.

काय म्हणाला? 'बहिणीला मी अजून सांगितलेले नाही पूर्णविराम. ती अडवणार नाही पूर्णविराम. तिने मला आजवर कधीच अडवलेले नाही पूर्णविराम.'

ऐका, अजून आहे.

'माझे काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीचे नाव द्यावे असे आपण म्हटले आहे पूर्णविराम. अशी एकच व्यक्ती आहे स्वल्पविराम ती म्हणजे माझी बहीण पूर्णविराम. तिचा फोन नंबर खाली देत आहे पूर्णविराम. मला हे काम जमेल की नाही ते तिला विचारावे पूर्णविराम. ती खरे तेच सांगेल पूर्णविराम.'

माझा नंबर वाचतोय. एक एक आकडा.

बंद करा आता. करा बंद.

नाही, पाणी नको. माझा फोन कुठे गेला? पिशवीत होता. तुमच्यासमोरच करते, घरी जाऊन नाही होणार माझ्याच्याने. जिना चढेपर्यंत मी काहीतरी दुसरंच ठरवीन. ओळखते मी मला आता.

हॅलो? दादा? मी बोलतेय. हो, दुकानातच आहे. झाला, सुरू झाला. हो रे, खरंच झाला! नवीन बसवला, चांगला आहे, जड आहे, पंख्याचा आवाज नाही. डबा तोच. बटण आहे ना, तुझं बटण तसंच आहे. सगळं आहे आत. काही गेलं नाही.

नको. माफी नको मागूस. ऐक ना — दादा, ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगता येणार नाही. चहा नव्हता गेला आत. एक थेंबही नव्हता गेला. आवाज झाला म्हणून तुझ्या हातून सांडला. आधी आवाज झाला. हो. नाही, व्होल्टेज नाही. मी केलं. मागे एक बटण असतं, ते मी सरकवलं, तू आंघोळीला गेला होतास तेव्हा. तुला लागेल असं वाटलं नव्हतं मला, शपथ घेऊन सांगते, पण केलं ते मी. मुद्दाम.

हो. ऐकलं होतं. तू सावकाश लावला होतास ना त्या दिवशी. अर्धंच ऐकलं. बाकीचं आज ऐकलं, आत्ता, इथे.

नाही, दुकानवाल्यांनी नाही उशीर केला. मी आणलाच नव्हता त्यांच्याकडे. आज पहिल्यांदा आणला. पलंगाखाली होता.

दुकानात दुरुस्तीला किती वेळ लागला? दादा, कशाला विचारतोस ते.

पाऊण तास.

हॅलो?

हॅलो, दादा?

नाही, कट नाही झाला हो. आहे तो. श्वास ऐकू येतोय मला. तुम्ही तुमचं काम करा.

काय म्हणालास? हां. बरं. बरं, आणते.

ठेवला त्याने.

'तो घेऊन ये' म्हणाला. तू ये, असं नाही म्हणाला.

काय? केंद्रात फोन करून विचारायचं? दोन दिवस उशिराचे अर्ज घेतात म्हणता कधी कधी? असेल. घेत असतील. पण ते मला नका सांगू. त्याला सांगा. त्याचा नंबर देते, तुम्हीच करा त्याला फोन, मी बसमध्ये असेन तोवर करा. म्हणावं आजच विचार. माझ्या तोंडून गेलं तर त्याला वाटेल, ह्यातही काहीतरी असेल. आणि वाटायलाच हवं.

नाही, उचलते मी, जड नाही एवढा. इतकी वर्षं मीच उचलतेय. तुम्ही फक्त दार धरा.